मूळ ग्राहक बाहेर गेलेत

ते साल दोन हजार चार. साल मला पक्कं आठवतं, कारण त्याच वर्षी कोपऱ्यावरच्या वाण्याने दुकानाला काचेचं दार बसवलं, त्यावर ‘ढकला’ अशी पाटी लावली, आणि ते दार ओढल्याशिवाय उघडत नसे. आमचे हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे, म्हणजे लोकांच्या चुका शोधण्याचाच यांना पगार मिळे. यांनी वाण्याला ती पाटी दाखवली. वाणी म्हणाला, “साहेब, पाटी दारासोबत फुकट आली.” त्या दिवसापासून यांनी तिथून साखर आणणं सोडलं, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

त्या वर्षी सगळंच कशासोबत तरी फुकट येत होतं. साबणासोबत वाटी, तेलासोबत बरणी. माझ्या थोरल्या जाऊबाईंना फुकटाचा भारी नाद. त्यांच्याकडे एकसारख्या बरण्या इतक्या साठल्या की त्या ठेवायला त्यांनी नवं कपाट घेतलं. कपाटासोबत एक बरणी फुकट आली.

अशा दिवसांत, ऐन उन्हाळ्यात, आमचा पहिलवान बंद पडला.

पहिलवान म्हणजे घरातला फ्रिज. मामंजींनी तो थोरल्या मुलाच्या, म्हणजे आमच्या दादांच्या, जन्माच्या वर्षी आणला होता. पोट पुढे आलेला, दाराला मोटारीसारखं दणकट हँडल, आणि त्याच्या खाली पितळेची छोटी पाटी: ‘आजन्म हमी’. तो घेतानाची हकिगत मामंजी आम्हाला नेहमी सांगत. दुकानदाराने त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि विचारलं, “घरात माणसं किती?” मामंजी म्हणाले, “अडीच.” दुकानदार म्हणाला, “मग एवढा मोठा कशाला घेता? लहान घ्या.” मामंजींनी हट्टाने मोठाच घेतला. तेव्हा गिऱ्हाईक हट्ट करायचं आणि दुकानदार समजूत घालायचा. आता आपण नको नको म्हणत असतो आणि पोऱ्यापासून मालकापर्यंत सगळे मागे लागतात. बरं, बसायला खुर्ची नाहीच.

पहिलवान बंद पडला तेव्हा सगळ्यांत आधी जाऊबाईंचा चेहरा उजळला.

“दोन दारांचा घेऊ या,” त्या म्हणाल्या. “वरच्या दारात बर्फ, खालच्या दारात भाजी. आणि त्याच्यावर मिक्सर फुकट आहे.”

“मिक्सर आहे आपल्याकडे,” मी म्हटलं.

“तो विकत घेतलेला आहे गं. हा फुकट आहे.”

खरं सांगायचं तर मीही जाऊबाईंच्याच बाजूची होते. पहिलवानाचं दार आतून बंद केल्यासारखं जड लागे, आणि बर्फाचा कप्पा खरवडायला उलथनं लागे. दादा तर काय, ते पाणी शुद्ध करायची यंत्रं घरोघर जाऊन विकायचे. नवी वस्तू म्हटली की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. विरोधात होते एकटे हे, तेही जाहिरातीत ‘शीतकपाट’ऐवजी ‘शितकपाट’ छापलं होतं म्हणून.

सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. बंद पडलेल्या पहिलवानात आम्ही कांदे-बटाटे आणि इस्त्रीच्या चादरी ठेवायला लागलो, तेव्हाही नाहीत.

मग एका दुपारी खालच्या लाँड्रीवाल्याचा फोन आला.

“वहिनी, तुमच्या आजी आमच्याकडे झोपल्यात.”

“झोपल्यात म्हणजे?”

“म्हणजे मशिनला टेकून. काल पण आल्या होत्या. आम्हाला काही त्रास नाही, पण गिऱ्हाइकं हळू आवाजात बोलायला लागलीत. धंदा आहे का वाचनालय?”

मी धावत खाली गेले. एक भलं मोठं धुलाईयंत्र घरघर करत होतं आणि त्याच्या शेजारच्या बाकावर सासूबाई तोंड उघडं टाकून गाढ झोपल्या होत्या. यंत्र थांबलं तशा दचकून जाग्या झाल्या.

“आई, अहो इथे काय करताय?”

त्या आधी रागावल्या, मग लाजल्या. जिना चढताना म्हणाल्या, “घरात फार शांत झालंय गं. डोळ्याला डोळा लागत नाही.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मामंजी हयात असताना त्यांचं घोरणं गल्लीभर प्रसिद्ध होतं. त्या घोरण्यापायी वरचे भाडेकरू घर सोडून गेले होते. सासूबाईंची खाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. मामंजी एक सूर लावायचे, पलीकडून पहिलवान दुसरा. जुगलबंदी म्हणा ना. मामंजी गेले तरी पहिलवान एकटा घोरत राहिला, आणि सासूबाई झोपत राहिल्या. आता दोघेही गप्प.

मी त्याच क्षणी पक्ष बदलला. जाऊबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “अगं, मग आईंना आवाजाची कॅसेट आणून देऊ.” पण दोन दारांवरचं त्यांचं बोलणं जरा कमी झालं.

दादा मात्र दुसऱ्याच वाटेने आमच्या बाजूला आले. जुना फ्रिज देऊन नवा घेतला तर घसघशीत सूट होती, पण जुना फ्रिज ‘चालू स्थितीत’ हवा होता.

“चालू असेल तर बदलायचा कशाला? आणि बंद असेल तर ते घेणार नाहीत,” मी म्हटलं. “म्हणजे ही योजना आहे कुणासाठी?”

“तुला व्यवहार कळत नाही,” दादा म्हणाले. “आधी दुरुस्त करून घेऊ. फुकट. हमी आहे. मग देऊन टाकू.”

म्हणजे सासूबाईंना तो ठेवण्यासाठी दुरुस्त हवा होता आणि दादांना देऊन टाकण्यासाठी. आमच्या घरात एकमत झालं की ते असंच व्हायचं.

दादांनी कंपनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज मोठा केला. ती मूळची कंपनी एव्हाना दुसरीने गिळली होती आणि दुसरीला तिसरीने. एक हवे असल्यास एक दाबा, दोन हवे असल्यास दोन दाबा, असं करत करत आम्ही एका बासरीपाशी येऊन थांबलो.

“आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया थांबा,” बासरीतून बाई म्हणाली.

“मोलाचा आहे तर उचला की!” हे म्हणाले.

“अरे, ती टेप आहे.”

“टेप आहे म्हणूनच बोलतोय. माणूस असतं तर एवढं तोंडावर बोललो असतो का?”

शेवटी खरी मुलगी आली. गोड बोलत होती. हमी आहे म्हणाली, पण मूळ ग्राहकाच्या हयातीपुरती. “मूळ ग्राहकांशी बोलता येईल का, सर?”

दादा विक्रेते. आयुष्यात त्यांनी कुठल्याही प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर दिलं नव्हतं. ते म्हणाले, “ते... बाहेर गेलेत.”

“कधीपर्यंत येतील?”

“काही सांगून गेले नाहीत.”

सासूबाईंनी खुर्चीतून मान हलवली. “खरंच काही सांगून गेले नाहीत. ताट वाढलेलं होतं.”

“ठीक आहे सर, शनिवारी आमचे अधिकारी पाहणीला येतील. तेव्हा मूळ ग्राहक समक्ष हवेत.”

फोन ठेवला. मग यांनी घसा खाकरला. “पण मुळात ‘आजन्म’ हा शब्दच तिथे—”

“तू गप्प बस रे,” सासूबाई म्हणाल्या. शब्दांवरून बोलायला लागले की यांना गप्प बसवायचं, ही घरातली जुनी रीत होती.

शनिवारपर्यंत मामंजी आणायचे कुठून? दादांचं डोकं काकांपाशी येऊन थांबलं. काका म्हणजे मामंजींचे धाकटे भाऊ, टपाल खात्यातून निवृत्त. उंची तीच, नाक तेच. शिवाय हौशी नाटकमंडळीत होते. फक्त त्यांना जन्मभर प्रेताचीच कामं मिळाली. पडदा वर जायचा तेव्हा ते पडलेले असायचे, आणि पहिल्या अंकानंतर त्यांना उचलून नेत.

“हे बघ,” काका दादांना म्हणाले आणि त्यांचा आवाज चक्क भरून आला, “उभी हयात मेलेल्याचं काम केलं. मेलेल्याचं जिवंत काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं. संवाद किती आहेत?”

“‘हो’ आणि ‘बरं’.”

“एवढेच? मी वाढवेन.”

“वाढवू नका!” आम्ही सगळे ओरडलो.

सासूबाईंची परवानगी काढायला मला पाठवलं. त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजींनी खुर्चीत बसावं, मी खाटेवर बसेन. पण मी त्यांना ‘अहो’ म्हणणार नाही. आधीच सांगते.”

शनिवारी काका मामंजींचा कोट घालून, काठी टेकत आले. कोटाला डांबरगोळ्यांचा वास होता आणि काकांनी मिशीला पावडर लावली होती, त्यामुळे ते शिंकले की हवेत ढग उठे. घंटा वाजली आणि जाऊबाईंना आठवलं, मामंजींचा फोटो! हा भला मोठा फोटो समोरच्याच भिंतीवर. त्यांनी तो खिळ्यावरून उपटला. जाऊबाईंनी पुढे मला सांगितलं, “अगं, माझ्या डोक्यात एकच आलं, जिथे कुणी बघणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. आपण तर पहिलवानाला हल्ली कपाटच समजत होतो ना!”

आणि त्यांनी तो फोटो पहिलवानात ठेवला. जो बघायला साहेब आले होते त्या पहिलवानात.

साहेब सडपातळ होते, गळ्यात टाय, चेहरा दमलेला. कंपनीत त्यांना ग्राहक-समाधान अधिकारी म्हणत. त्यांनी काकांना नमस्कार केला.

“मूळ ग्राहक आपणच का?”

“हो,” काका म्हणाले. हा संवाद चांगला झाला. “बरं,” त्यांनी पुढचाही म्हणून टाकला. आता त्यांचे संवाद संपले.

“तब्येत मस्त ठेवलीत हो. सत्त्याऐंशीचे अजिबात वाटत नाही.”

“सत्त्याऐंशी?” काका ताडकन म्हणाले. “अहो, मला त्र्याहत्तर—”

दादांना खोकल्याची उबळ आली. काका सावरले. “म्हणजे त्र्याहत्तर साली मला सगळे असंच म्हणायचे.”

साहेब स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी पहिलवानाचं दार ओढलं. आधी कांदे घरंगळले. मग चादर आली. आणि मग चादरीवरून घसरत, चष्मा लावून हसत, मामंजी बाहेर आले. साहेबांनी फोटो वरच्यावर झेलला. एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे.

“हे कोण?”

दादा पुन्हा खोकायला लागले. काका मात्र रंगमंचावरचे. “माझा थोरला भाऊ,” ते खर्जात म्हणाले. “वारला बिचारा.”

आता हे तसं शंभर टक्के खरं होतं.

“मग फ्रिजमध्ये का ठेवलंय?”

“खराब होऊ नयेत म्हणून,” जाऊबाई बोलून गेल्या.

इथवरही निभावलं असतं. साहेब बिचारे सरळ होते, मोठ्या घरात काही ना काही असायचंच, अशा चेहऱ्याने उभे होते. पण काकांना टाळ्यांचा वास लागला होता. त्यांनी काठी आपटली आणि सासूबाईंकडे वळून ऐटीत म्हणाले, “अगं ए! साहेबांना पाणी आण!”

सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

“भाऊजी, पुरे.”

काकांची मिशी झडली म्हणा ना.

“माझ्या नवऱ्याने मला उभ्या जन्मात ‘अगं ए’ म्हटलं नाही,” सासूबाई म्हणाल्या. “साहेब, हा माझा दीर. नवरा तुमच्या हातात आहे. जरा नीट धरा, काच सैल आहे.”

साहेबांनी मामंजींना छातीशी धरलं. “म्हणजे मूळ ग्राहक...”

“बाहेर गेलेत म्हणून सांगितलं होतं ना फोनवर? त्यात खोटं काय?”

“आजी, मला वाईट वाटतं,” साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. “पण मग हमी संपली. आजन्म म्हणजे ग्राहक असेपर्यंत. आणि हे मॉडेल इतकं जुनं की सुटे भाग मिळायचे नाहीत. त्यापेक्षा नवीन घ्या. हल्ली कुणी दुरुस्त करत नाही.”

सासूबाईंनी पहिलवानावर हात ठेवला. तो कधी नव्हे तो इतका गप्प होता की नळ ठिबकत असलेला ऐकू आला. त्या क्षणी मला वाटलं, झालं, आता म्हातारीला उरलेलं आयुष्य लाँड्रीत काढायला लागणार. आणि लाँड्रीला रविवारी सुट्टी.

सासूबाई एकदम यांच्याकडे वळल्या. “काय रे, त्या शब्दाचं तू काय म्हणत होतास?”

हे दचकले. घरात त्यांना असं विचारायची सवयच नव्हती कुणाला. “मी? मी म्हणत होतो... आमरण म्हणजे मरेपर्यंत. आजन्म म्हणजे जन्मापासून. सुरुवात कुठून ते पाटीवर लिहिलंय. शेवट कुठे ते लिहिलेलाच नाही.”

“अहो, पण लोक तो शब्द जन्मभर अशा अर्थानेच वापरतात,” साहेब म्हणाले.

“लोक वाण्याचं दारसुद्धा ढकलतात,” हे म्हणाले. “म्हणून ते उघडत नाही.”

“साहेब,” सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही शिकलेले आहात. या पाटीवर मरण कुठे लिहिलंय ते मला बोटाने दाखवा. मी आत्ता भंगारवाल्याला बोलावते.”

साहेब वाकले. त्यांनी पाटी पुसली, पुन्हा वाचली. मग मुकाट्याने खिशातून मोबाइल काढला आणि आपल्याच कंपनीला फोन लावला.

“आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे,” बाई म्हणाली. “कृपया थांबा.”

साहेब थांबले. बासरी वाजत राहिली. दादांनी त्यांना खुर्ची दिली, मी चहा दिला. दुसऱ्या चहाला साहेबांनी टाय सैल केला. म्हणाले, माझ्याही घरी पंखा आहे, आमच्याच कंपनीचा. मी महिनोन्महिने माझ्याच कंपनीकडे तक्रार करतोय, आणि ती तक्रार फिरून माझ्याच टेबलावर येते. काकांनी त्यांना आपल्या प्रेतांच्या भूमिका सांगितल्या. बासरी तिसऱ्यांदा सुरुवातीपासून लागली तेव्हा साहेबांनी फोन बंद केला, मामंजींचा फोटो स्वतःच्या हाताने खिळ्यावर लावला आणि कागदावर लिहिलं, ‘मूळ ग्राहक बाहेरगावी. हमी चालू.’ यांनी डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे.” यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

पुढच्या आठवड्यात कंपनीची माणसं आली. पहिलवानाच्या पोटात त्यांनी नवं कोरं यंत्र बसवलं. दिवा लागला, गारवा आला. त्यांच्यातला एक अभिमानाने म्हणाला, “आजी, आता बघा, टाचणी पडली तरी ऐकू येईल. अजिबात आवाज नाही!”

सासूबाईंचा चेहरा पडला. “आवाज नाही?”

“शून्य!”

“मग काय उपयोग?”

दादांनी पुन्हा फोन लावला. “हॅलो, तक्रार आहे. फ्रिज आवाज करत नाही.” पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, ही तक्रार कुठल्या बटणात बसेल तेच मला कळत नाही.” दादा खूश, पहिलवान चालू स्थितीत होता. ते सूट मिळणाऱ्या दुकानाचा नंबर शोधायला लागले.

तेवढ्यात जाऊबाई उठल्या. आपल्या कपाटातून फुकटच्या बरण्यांची पत्र्याची झाकणं आणली. एक पहिलवानाच्या मागच्या जाळीत खोचलं, ऐकलं, काढलं. दुसरं खोचलं. त्यांनी पुढे मला सांगितलं, “दोन दारांच्या फ्रिजचं स्वप्न मी माझ्या हातांनी खोचत होते गं. पण आई लाँड्रीत बाकावर झोपलेल्या माझ्या डोळ्यांपुढून जाईनात.” कुठल्याशा झाकणाला पहिलवानाने घसा साफ केला. घुर्र. मग जरा थांबून, घुर्रर्रर्र.

“जरा वर,” सासूबाई म्हणाल्या. “यांचा सूर खालचा होता... हं. तिथेच.”

आणि त्या खाटेवर आडव्या झाल्या. दादा त्या सवलतीचं काही बोलायला गेले तर जाऊबाईंनी त्यांच्यासमोर बोट धरलं. “शू. आई झोपल्यात.”

पुढे साहेबांनी ती नोकरी सोडली आणि पंखे दुरुस्त करायचं दुकान काढलं. स्वतःचा पंखा पहिला केला. वाण्याचं दार आता माणूस आला की आपोआप उघडतं, त्यामुळे पाटीचा वाद मिटला, पण वाण्याशी बोलायला आता आत कुणी नसतं. दादा-जाऊबाई वेगळे राहायला गेले. त्यांनी दोन दारांचा घेतला, मग त्याच्या जागी दुसरा, मग तिसरा; बरण्या मात्र त्याच आहेत. काका गेले तेव्हा इतके बेमालूम पडले होते की आम्ही सगळे बराच वेळ पडदा पडायची वाट बघत उभे होतो. सासूबाई गेल्या त्या झोपेतच, भिंतीपलीकडे घुर्र चालू असताना. आमचे हे परवाच्या थंडीत गेले. रुग्णालयाच्या दारावर ‘शांतता राखा’मधला काना तुटलेला होता, त्यावर शेवटपर्यंत यांचा डोळा.

पहिलवान माझ्याकडे आहे. माझीही खाट आता त्या भिंतीलाच.

परवा दुपारी फोन वाजला. कुठल्याशा नव्या मालकाची कंपनी होती, आवाज कोवळ्या मुलीचा. आमचे सर्वांत जुने ग्राहक म्हणून मामंजींचं नाव निघालं होतं, एकशे सातव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायच्या होत्या.

“मूळ ग्राहकांशी बोलता येईल का, मॅडम?”

मी फोन भिंतीकडे धरला. घुर्रर्रर्र.

“झोपलेत,” मी म्हटलं. “उठवू का?”

“नको, नको,” मुलगी घाईघाईने म्हणाली. “झोपू द्या त्यांना.”